‘माय आंतोनिया’ गटात कशी वाचावी: मैत्री, शिक्षण आणि सुख हे तीन धागे धरून

अमेरिकन लेखिका विला कॅथर यांची ‘माय आंतोनिया’ ही कादंबरी सप्टेंबर १९१८ मध्ये बॉस्टनच्या हॉटन मिफ्लिनने प्रसिद्ध केली. नेब्रास्काच्या गवताळ माळावर वसायला आलेली बोहेमियन, नॉर्वेजियन, रशियन कुटुंबं आणि त्यांच्यात वाढणारी दोन मुलं हा तिचा विषय. जिम बर्डन दहा वर्षांचा, आईबाप गेलेला, व्हर्जिनियाहून आजीआजोबांकडे आलेला. आंतोनिया शिमेर्दा त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, बोहेमियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातून) आलेली, इंग्रजीचा गंध नसलेली. दोघं एकाच रात्री एकाच गाडीतून उतरतात.

वाचनकट्ट्यासाठी हे पुस्तक फार चांगलं आहे, पण नेहमीच्या पद्धतीने घेतलं तर गट मध्येच गळतो. ‘पुढे काय झालं’ या उत्सुकतेवर ही कादंबरी चालत नाही. या दोघांचं लग्न होईल म्हणून वाट बघणारा वाचक तिसऱ्या भागात पुस्तक मिटतो. म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांना स्पष्ट सांगावं की ही प्रेमकथा नाही आणि दोघांचं लग्न होत नाही. यात कुठलंही रहस्य फुटत नाही, उलट वाचन मोकळं होतं. मग लक्ष जायला हवं तिथे जातं: या दोघांत कोण कोणाला काय शिकवतं, त्या शिकण्यातून मैत्री कशी घडते, आणि सुख नेमकं कुठे दिसतं. पुस्तकात या तीन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. पहिल्या भागाच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणांत त्यांची गाठ बसते आणि शेवटच्या भागापर्यंत ती सुटत नाही.

आधी प्रत तपासा

पुस्तक अमेरिकेत आणि भारतात दोन्हीकडे स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. कॅथर १९४७ मध्ये वारल्या, त्यामुळे भारतात २००८ पासून कोणीही ते छापू, वाचू, भाषांतरित करू शकतं. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मजकूर आणि लिब्रीव्हॉक्सवर ध्वनिमुद्रण फुकट मिळतं. इंग्रजी वाचनाची सवय कमी असेल त्यांनी दोन्ही एकत्र वापरावं, म्हणजे ऐकत ऐकत ओळीवर बोट ठेवून वाचावं. कॅथर यांची वाक्यं सोपी असतात, अडतात ते शेतीचे आणि माळाचे शब्द.

पण प्रस्तावना दोन आहेत. १९१८ ची लांब, आणि १९२६ च्या आवृत्तीसाठी कॅथर यांनी स्वतः काटछाट करून लिहिलेली छोटी. गटात अर्ध्यांकडे एक आणि अर्ध्यांकडे दुसरी असली की पहिल्याच बैठकीत गोंधळ होतो. ओळखायची खूण सोपी आहे. प्रस्तावनेत जिमला भेटणारी निवेदक ‘मीही आंतोनियाबद्दल लिहीन’ असं कबूल करते आणि शेवटी ‘माझं लिहून झालंच नाही’ म्हणते, ती १९१८ ची. जिमच्या बायकोबद्दलचा मोठा मजकूरही त्याच प्रस्तावनेत आहे. सुखाचा धागा धरायचा असेल तर आमच्या मते १९१८ चीच घ्यावी. न्यूयॉर्कमध्ये राहणारा, रेल्वे कंपनीचा यशस्वी वकील झालेला जिम घरी किती एकटा आहे, हे तिथे नीट कळतं, आणि पुढची सगळी आठवण हा माणूस सांगतो आहे हे ध्यानात राहतं.

शक्य असल्यास डब्ल्यू. टी. बेंडा यांची आठ रेखाचित्रं असलेली प्रत मिळवा. कॅथर यांनी ती मुद्दाम सांगून रेखाटून घेतली होती. स्वस्त आवृत्त्यांत ती गाळलेली असतात. नांगर धरलेली आंतोनिया आणि गुरं राखताना विणकाम करणारी तिची मैत्रीण लीना, ही दोन चित्रं तरी छापून बैठकीला आणावीत.

नावाचा उच्चार पहिल्याच दिवशी ठरवून टाका. कॅथर यांनी तळटीपेत सांगितलं आहे की आघात पहिल्या अक्षरावर आहे: ‘आं’वर जोर आणि पुढे ‘तोनिया’. शिमेर्दा म्हणतानाही जोर ‘शि’वर.

पंधरा मिनिटांची पूर्वतयारी

पहिल्या बैठकीत कोणी एकाने एवढं सांगावं, जास्त नको.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमिनीचा १६० एकरांचा तुकडा अर्ज करून मिळत असे. त्यावर पाच वर्षं राहून ती कसली की मालकी. एक चौरस मैल म्हणजे ६४० एकरांचा एक सेक्शन, आणि रस्ते सेक्शनच्या कडांनी सरळ आखलेले. हे आधी सांगायला हवं, कारण आंतोनियाच्या वडिलांच्या थडग्याची जागा याच आखणीवर ठरते. शिमेर्दांनी मात्र फुकटची जमीन घेतलेली नाही. क्रायेक नावाच्या त्यांच्याच देशबांधवाने त्यांना जमीन, बैल, सामान सगळं जास्त किमतीला विकलं आहे. भाषा येत नसल्यामुळे त्यांना त्याच्याशिवाय कोणाशी बोलताच येत नाही. शिक्षणाचा धागा इथून, पैशाच्या व्यवहारातून सुरू होतो, हे वाचकांच्या लक्षात आणून द्यावं.

सॉड हाउस म्हणजे माळाची मुळांसकट कापलेली गवताळ माती विटांसारखी रचून बांधलेलं घर. डगआउट म्हणजे उतारात खणून केलेली राहण्याची जागा. ड्रॉ म्हणजे पाणी वाहून पडलेली घळ. बर्डनांचं घर लाकडी आहे, आणि ब्लॅक हॉक गावाच्या पश्चिमेला नॉर्वेजियन वस्तीपर्यंत तसं दुसरं घर नाही. शिमेर्दा राहतात ते मातीच्या उतारातल्या भोकात. दोन मुलांच्या मैत्रीतलं अंतर एवढं आहे.

बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. पुस्तक बाहेर पडलं त्याच्या पुढच्याच महिन्यात चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला.

आणि एक गोष्ट कादंबरी जवळजवळ सांगत नाही, ती गटाने आपणहून सांगावी. माळ रिकामा नव्हता. त्या भागातल्या पॉनी या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांना १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं होतं. पहिल्या भागाच्या नवव्या प्रकरणात बर्फ पडल्यावर गवतात एक मोठं वर्तुळ उमटलेलं दिसतं, जिथे पूर्वी मूळ रहिवासी घोडे फिरवीत असं म्हणतात. त्या ओळीपाशी थांबावं.

लेखिकेबद्दल पाच वाक्यं पुरे. जन्म १८७३, व्हर्जिनिया. नऊ वर्षांच्या असताना १८८३ मध्ये कुटुंब नेब्रास्कात आलं, पुढे रेड क्लाउड गावात राहायला गेलं. कादंबरीतलं ब्लॅक हॉक ते हेच. लिंकनच्या नेब्रास्का विद्यापीठातून १८९५ मध्ये पदवी. आंतोनियामागची खरी व्यक्ती म्हणजे ॲना सादिलेक, लग्नानंतर पावेल्का, १८६९ ते १९५५. तिच्या वडिलांनी खरोखरच आत्महत्या केली होती. मात्र ‘हे खरं घडलं का’ या प्रश्नावर बैठक घालवू नये.

वेळापत्रक

एकूण पाच भाग, ४५ प्रकरणं: १९, १५, ४, ४ आणि ३. भागानुसार पाच बैठका ठरवणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक, कारण पहिल्या बैठकीवर १९ प्रकरणं येऊन पडतात आणि तिथेच लोक मागे राहतात. सात बैठका ठेवा. प्रस्तावना आणि पहिल्या भागाची १ ते ६ प्रकरणं, मग ७ ते १३, मग १४ ते १९. दुसऱ्या भागाची १ ते ८, मग ९ ते १५. तिसरा आणि चौथा भाग एकत्र. पाचवा स्वतंत्र. पंधरा दिवसांनी एक, दीड तासाची. सहा ते दहा माणसं असावीत. त्याहून जास्त झाली तर प्रत्येकाचं ऐकायला वेळ उरत नाही.

खुणा तीन रंगांच्या करा: मैत्रीला हिरवी, शिक्षणाला निळी, सुखाला पिवळी. एका बैठकीसाठी एका रंगाच्या तीनच खुणा. ही मर्यादा कडक पाळावी, नाहीतर पानंच्या पानं रंगतात आणि बैठकीत काय वाचायचं ते सापडत नाही. एकाच ओळीवर दोन रंग द्यावेसे वाटले तर अवश्य द्या, आणि ती ओळ बैठकीत आधी वाचा.

बैठकीची पहिली दहा मिनिटं एखादं पान मोठ्याने वाचण्यात जावीत. पुढची वीस मिनिटं प्रत्येकाने फक्त आपली खूण आणि पान सांगावं, मत नाही. मतं आधी आली की ज्याचा आवाज मोठा त्याचंच पुस्तक होतं.

पहिली बैठक: बाग, अंगठी आणि दोन वर्णमालांचं पुस्तक

दुसरं प्रकरण मोठ्याने वाचण्यासाठीच आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जिम आजीबरोबर घरापासून पाव मैलावरच्या बागेत जातो. आजीच्या हातात तांब्याचं टोक बसवलेली काठी असते, सापांसाठी. बटाटे काढून झाल्यावर तो एकटाच तिथे मागे राहतो, उन्हाने उबदार झालेल्या भोपळ्याला टेकून बसतो. जमिनीवर लाल अंगाचे, काळ्या ठिपक्यांचे किडे फिरत असतात. काही घडत नाही, आणि त्याला काही घडायला नकोच असतं. सुखाची व्याख्या कॅथर इथे देतात: काहीतरी मोठ्या आणि पूर्ण गोष्टीत विरघळून जाणं. ही ओळ न्यू हॅम्पशरमधल्या जॅफ्री इथे त्यांच्या थडग्यावर कोरलेली आहे.

इथे गट बहुतेक वेळा वेदान्ताकडे वळतो. विरघळणं म्हटलं की आपल्याकडे मिठाच्या खड्यापासून अद्वैतापर्यंत सगळं आठवतं. दोन मिनिटं बोलू द्या आणि परत पानावर आणा. हा दहा वर्षांचा मुलगा आहे, आईवडील नुकतेच गेलेले, दोनच रात्रींपूर्वी बैलगाडीसारख्या धक्के देणाऱ्या गाडीत गवतावर निजून अंधारातून आलेला. त्या रात्री त्याला आपण पुसले गेलो आहोत असं वाटलं होतं. सकाळी तेच पुसलं जाणं सुखाचं होतं. हा फरक कशामुळे पडला, एवढाच प्रश्न विचारा. भोपळा, ऊन, किडे, आजी जवळच घरी असणं, ही उत्तरं पानावरच सापडतात.

मग तिसरं प्रकरण. जिम शिमेर्दांकडे पहिल्यांदा जातो. आंतोनिया त्याचा हात धरून पळत सुटते, गवतात बसून त्याचं नाव विचारते, मग झाडाचं, मग आकाशाचं. डोळे आणि आकाश यांचे शब्द मिळाल्यावर ती त्याला आपल्या बोटातली नक्षीची चांदीची अंगठी काढून देऊ लागते. जिम घेत नाही, त्याला ते अविचाराचं वाटतं. इथे तिन्ही रंगांची खूण हवी. शब्दांच्या बदल्यात अंगठी द्यावी इतकं तिला त्या शब्दांचं मोल आहे, आणि जिमला ते अजून कळत नाही. प्रकरणाच्या शेवटी तिचे वडील दोन वर्णमालांचं, इंग्रजी आणि बोहेमियन, एक पुस्तक जिमच्या आजीच्या हातात ठेवतात आणि माझ्या आंतोनियाला शिकवा अशी विनवणी करतात. ‘माझी आंतोनिया’ हे शब्द जिमच्या आधी या बापाच्या तोंडी येतात. प्रस्तावनेत जिम हस्तलिखितावर आधी नुसतं ‘आंतोनिया’ लिहितो आणि कपाळाला आठी घालून त्यात ‘माय’ची भर घालतो, ते पान आता पुन्हा उघडावं.

चौथ्या प्रकरणात धडे सुरू होतात. धडा झाला की दोघं कलिंगडाच्या मळ्यात जातात. आंतोनिया स्वयंपाकघरात आजीच्या शेजारी उभी राहून तिचं प्रत्येक काम न्याहाळते. तिची आई कुरकुरते, पण घरातल्या एकाला तरी इंग्रजी यायला हवं हे तिलाही कळतं. शिकणं म्हणजे फक्त अक्षरं नव्हेत, हे इथे नोंदवून ठेवा, शेवटच्या भागात कामाला येईल.

दुसरी बैठक: साप, लांडगे आणि अळंबी

आठव्या प्रकरणात पावेल हा रशियन शेजारी मरताना लांडग्यांची जी गोष्ट सांगतो, ती सगळी बैठक खाऊन टाकते. ती आहेच तशी भयंकर. तिला पंधरा मिनिटं द्या आणि मग सातव्या प्रकरणाकडे मागे या.

तिथे जिम फावड्याने साडेपाच फुटांचा घुंगुरसाप मारतो. (खुळखुळा वाजवणारा अमेरिकन विषारी साप, आपल्याकडे हा नाही.) जिमच्या मागे साप दिसल्यावर आंतोनिया घाबरून आपल्या भाषेत ओरडते. जिम तिच्यावर डाफरतो, तिच्या भाषेला शिवी देतो. ती माफी मागते, रडते, आणि घरी येईपर्यंत त्याचं कौतुक गात राहते. मोठा झालेला जिम स्वतःच लिहितो की साप म्हातारा, सुस्त होता, नशिबाने साथ दिली. वाचकांना विचारा की या मैत्रीत बरोबरी आहे का. जिम तिला इंग्रजी शिकवतो, म्हणून तो स्वतःला वरचा समजतो. ती वयाने मोठी असून आपल्याला संरक्षणाच्या सुरात वागवते, याचा त्याला राग आहे. हे अवघड पान टाळू नये. मैत्री गोड दाखवायची म्हणून हे वगळणाऱ्या गटांना पुढचा सतराव्या प्रकरणातला दुरावा अचानक वाटतो.

दहाव्या प्रकरणातली वाळलेली अळंबी जरूर वाचा. बर्डनांनी मदत आणल्यावर मिसेस शिमेर्दा उपकार फेडायचे म्हणून एका पिशवीतून तपकिरी चकत्या काढून देतात, दूर बोहेमियाच्या जंगलातून जपून आणलेल्या. आजीला त्या ओळखू येत नाहीत, आणि ती पुरचुंडी चुलीत टाकते. जिम एक तुकडा चाखतो आणि ती चव त्याच्या लक्षात राहते. कित्येक वर्षांनी त्याला उमगतं की ती अळंबी होती. प्रेमळ, देवभीरू, उदार आजीकडूनही हे होतं. शिकण्याची गरज फक्त आंतोनियाला नव्हती.

बाराव्या प्रकरणात नाताळच्या दुपारी मिस्टर शिमेर्दा बर्डनांच्या घरी खुर्चीत टेकून बसतात, दुखणं क्षणभर थांबलेल्या आजारी माणसासारखे. पिवळी खूण इथेही करा. महिन्याभरात ते जगात नसतात.

तिसरी बैठक: थडगं आणि शाळा

चौदा ते सोळा ही प्रकरणं मिस्टर शिमेर्दांच्या आत्महत्येची आहेत. गटात कोणाच्या घरी असं घडलेलं असू शकतं, म्हणून आधीच्या बैठकीत सांगून ठेवावं, आणि ज्याला यायचं नाही त्याला कारण विचारू नये. चौदा वर्षांखालच्या मुलांबरोबर वाचत असाल तर हा भाग, लांडग्यांची गोष्ट आणि दुसऱ्या भागाचं शेवटचं प्रकरण मोठ्यांनी आधी वाचून ठरवावं.

या बैठकीचं खरं पान सतराव्या प्रकरणात आहे. जिम तिला शाळेचं सत्र सुरू होतं आहे, येशील का म्हणून विचारायला जातो. ती नांगरणी करून आलेली असते. मला शिकायला वेळ नाही, मी आता पुरुषांसारखं काम करते, शाळा लहान मुलांना ठीक, असं ती मोडक्या इंग्रजीत अभिमानाने सांगते. मग गोठ्याकडे चालताना जिमला कळतं की ती गप्प होऊन रडते आहे. शाळेत शिकशील ते कधीतरी मला सांगशील ना, असं ती विचारते. माझे वडील खूप शिकले होते, तेही सांगते. हे पान मोठ्याने वाचा आणि लगेच चर्चा सुरू करू नका, दोन मिनिटं सगळ्यांना पान परत मनात वाचू द्या.

एकोणिसाव्या प्रकरणाच्या शेवटी ती वीज बघत म्हणते की तुझ्यासाठी गोष्टी सोप्या असतील, आमच्यासाठी कठीण. हिरवी खूण हवी. मैत्रीण मित्राला हे सरळ सांगू शकते.

चौथी आणि पाचवी: गाव

इथे गती मंदावते. आंतोनियाची मध्यवर्ती जागा कमी होते, लीना लिंगार्ड, टायनी सोडरबॉल, हार्लिंग कुटुंब असे बरेच जण येतात. गळती इथे होते. उपाय असा की प्रत्येकाला एक पात्र वाटून द्यावं आणि त्याने त्या पात्राने काय शिकलं तेवढंच सांगावं.

आंतोनिया हार्लिंगांकडे आठवड्याला तीन डॉलरवर कामाला लागते. भाऊ अँब्रोशला सगळा पगार हातात हवा असतो. मिसेस हार्लिंग वर्षाचे पन्नास डॉलर तिच्या स्वतःच्या खर्चासाठी बाजूला ठेवतात. पाचव्या प्रकरणात लीनाचा छोटा भाऊ ख्रिस आईसाठी अक्षर काढलेले रुमाल घ्यायला उभा असतो, आईच्या नावाचं अक्षर घ्यावं की ‘आई’चं, या पेचात. लीना सांगते, नावाचं घे, आता तिला नावाने कोणी हाकच मारत नाही. अर्धं पान आहे, पण माळावरच्या बायकांबद्दल याहून नेमकं काही या पुस्तकात नाही.

सातव्या प्रकरणात कृष्णवर्णीय पियानोवादकाचं वर्णन आहे. त्यातली भाषा वर्णद्वेषी आहे, आणि ती तशी आहे असं म्हणूनच वाचावं. ‘त्या काळी असंच होतं’ म्हणून पुढे जाऊ नका. स्थलांतरितांना गाव तुच्छ लेखतं हे ज्या लेखिकेला इतकं स्वच्छ दिसतं, तिला इथे का दिसलं नाही, यावर बोला.

नववं प्रकरण शिक्षणाच्या धाग्याचा कणा आहे. या मोठ्या मुलींनी धुणीभांडी करून घरच्या शेतांची कर्जं फेडली, धाकट्या भावंडांना शाळेत घातलं. गावाला त्या सगळ्या सारख्याच अडाणी वाटतात, कारण त्यांना इंग्रजी येत नाही. लीनाचे आजोबा नॉर्वेत मान असलेले धर्मोपदेशक होते हे कोणाच्या डोक्यात शिरत नाही. तेराव्यात जिम शाळा संपताना भाषण करतो, आणि आंतोनियाला सांगतो की लिहिताना मनात तुझे वडील होते, ते त्यांनाच वाहिलं आहे. पहिल्या भागाच्या सतराव्या प्रकरणातली तिची विनंती त्याने अशी पाळली. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा.

सहावी बैठक: व्हर्जिल आणि सोनेरी चौकट

लिंकनच्या विद्यापीठात जिम गॅस्टन क्लेरिक या शिक्षकाकडे लॅटिन शिकतो. कादंबरीच्या सुरुवातीची ओळ, सर्वात चांगले दिवस सर्वात आधी पळून जातात, ही रोमन कवी व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’मधली, शेतीवरच्या काव्यातली. जिमला समजतं की तो कधी खरा पंडित होणार नाही, कारण पुस्तक उघडलं की मन माळाकडे आणि तिथल्या माणसांकडे धावतं. लीना भेटून गेल्यावर त्याला वाटतं, अशा मुली नसत्या तर काव्यच झालं नसतं. लॅटिन येत नसेल तर काही अडत नाही, भाषांतर सगळ्या चांगल्या प्रतींच्या टिपांत असतं.

चौथ्या भागात आंतोनिया फसवली गेली आहे आणि तिला मूल आहे, ही हकीकत बर्डनांचं शेत कसायला घेतलेल्या स्टीव्हन्सबाई सांगतात. गट इथे तिची कीव करू लागतो. तेव्हा छायाचित्रकाराच्या दुकानातली ती गोष्ट पुढे आणा: आंतोनियाने आपल्या बाळाचं चित्र सोनेरी चौकटीत लावून ठेवलं आहे, गावाने बघावं म्हणून. पुढे जिम आणि आंतोनिया बोलायला जागा निवडतात ती वडिलांच्या थडग्याभोवतीची न नांगरलेली जमीन.

सातवी बैठक: फळांचं तळघर

वीस वर्षांनी जिम परत येतो. आंतोनियाचे दात पडले आहेत, केस पांढरे होताहेत, दहा-अकरा मुलं आहेत. मुलं त्याला बरण्या आणि पिंपांनी भरलेलं तळघर दाखवतात, आणि मग सगळी एकदम पायऱ्यांवरून उन्हात बाहेर उसळतात. पिवळ्या खुणा इथे सगळ्यांच्या जुळतात.

‘आंतोनिया सुखी आहे का?’ असा प्रश्न टाकू नका, हो-नाहीत संपतो. विचारा: ती सुखी आहे हे आपल्याला कोण सांगतंय, आणि त्याला तसं दिसणं का हवं आहे? जिमला मूल नाही, घर रितं आहे. त्याच्या डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा यावर गटात मतभेद होतील, होऊ द्यावेत. मात्र तिचे स्वतःचे शब्दही पानावर आहेत, ते आधी वाचून घ्या. शेतावर मला गावातल्यासारखं एकटं वाटत नाही, असं ती म्हणते. इंग्रजी मी विसरत चालले, असंही म्हणते, कारण घरात बोहेमियन बोलतात आणि धाकटी शाळेत गेल्यावरच इंग्रजी शिकतात. म्हणजे ज्या शब्दांसाठी तिने अंगठी देऊ केली होती, त्यांची तिला आता फारशी गरज उरलेली नाही. पण मिसेस हार्लिंगांकडे शिकले नसते तर मुलांना रानसशांसारखं वाढवलं असतं, शिकायला मिळालं याचा आनंद आहे, आणि माझ्या मुलींना मात्र दुसऱ्यांच्या घरी राबावं लागणार नाही, हेही तीच सांगते.

इथे वहीत एक तक्ता करायला लावा: कोणी कोणाला काय शिकवलं. जिमने आंतोनियाला शब्द, आजीने स्वयंपाक, मिसेस हार्लिंगांनी घर चालवणं, वडिलांनी ज्ञानाचा आदर. दुसऱ्या बाजूला आंतोनियाने जिमला काय दिलं हा रकाना आधी रिकामा राहतो. तो भरायला वीस मिनिटं द्या, आणि प्रत्येक नोंदीपुढे पान लिहायला सांगा. पान सापडलं नाही तर नोंद खोडायची.